पात्याचे पाणी

खंडेनवमीला आपण घरातली शस्त्रे पुजतो. शस्त्रे म्हणजे काय, तर आजच्या घरात उरलेली विळी, सुरी, अडकित्ता, कात्री, फार तर एखादा कोयता. त्यांच्यावर हळदकुंकू वाहायचे, झेंडूचे फूल ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच विळीवर भोपळा चिरायला बसायचे. पूजा पात्याची होते. पाते घडवणाऱ्याची आठवण त्या दिवशीही फारशी कोणाला होत नाही. आणि पाते ज्यात राहायचे ते म्यान शिवणाऱ्याची तर मुळीच नाही. लोहार आणि चांभार हे आपल्या गावगाड्यातले दोन बलुतेदार. एकाने लोखंडाला धार द्यावी, दुसऱ्याने त्या धारेला घर द्यावे. गावाने एकाला ओसरीपर्यंत येऊ दिले आणि दुसऱ्याला वेशीबाहेर ठेवले, पण दोघांच्या हातची विद्या मात्र खुशाल वापरली.

आज ज्यांची हकीकत सांगावयाची आहे ती माणसे लोहारही नव्हती आणि चांभारही नव्हती. त्यांच्यापैकी एक संत्र्यांचा बागाईतदार होता, एक दर्यावर्दी खलाशी होता, एक शेतावर गाईगुरे सांभाळणारा होता. ती राहात होती अमेरिकेत, आणि चाकू करणे हा त्यांचा धंदा नव्हता, छंद होता. कोणी तिकिटे जमवतो, कोणी गुलाब लावतो, तशी ही माणसे फावल्या वेळात पोलाद तापवीत, ठोकीत, कानशीने घाशीत आणि हाताने कातडे शिवून त्याला म्यान करीत. या छंदातून जे निघाले त्याचा धागा उलट उलगडत गेलो, तर तो समुद्र ओलांडून मुंबई बंदरात येतो आणि तिथून थेट दक्षिणेतल्या मातीच्या मुशीपर्यंत जाऊन पोहोचतो. म्हणून सुरुवात मुंबईपासूनच केलेली बरी.

मुंबईहून गेलेली वडी

इसवी सन १७९४ च्या सुमारास मुंबईत हेलेनस स्कॉट नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा एक डॉक्टर होता. रोग्यांची नाडी पाहून उरलेल्या वेळात इथल्या कारागिरांच्या विद्या न्याहाळण्याचा त्याला नाद होता. त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना एका विशेष पोलादाच्या वड्या पाठवल्या. या पोलादाला तो 'वुट्झ' म्हणत होता. कानडी आणि तेलुगू भाषांत पोलादाला 'उक्कू' म्हणतात. त्याच शब्दाचे इंग्रजी कानावर पडून झालेले हे रूप असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. जॉर्ज पिअर्सन या शास्त्रज्ञाने त्या वड्यांची परीक्षा करून १७९५ साली निबंध वाचला. त्याच्या मथळ्यात हे पोलाद मुंबईत तयार होते असेच म्हटले आहे! वस्तुतः मुंबई हे नुसते बंदर. पण परदेशी माणसाला माल ज्या धक्क्यावरून चढला तोच त्याचा जन्मगाव वाटावा, यात नवल नाही.

त्या वेळी लंडनमध्ये जेम्स स्टोडार्ट नावाचा एक नामांकित सुऱ्या-वस्तरे करणारा होता. बँक्स यांच्या सांगण्यावरून त्याने त्या वडीचा एक तुकडा घडवून लेखणी तासण्याचा चाकू केला. पुढे त्याचे या पोलादावर इतके मन बसले की, आपल्या दुकानाच्या कार्डावरही त्याने वुट्झचा गौरव छापला. त्याच्या हातात खरी खुबी होती ती तापमानाची. इतर युरोपीय लोहार आपल्या सवयीप्रमाणे हे पोलाद पिवळेधमक होईपर्यंत तापवीत आणि घणाखाली ते ढेकळासारखे फुटे. स्टोडार्टने ते अगदी मंद तापवले. इतके मंद, की त्याची लाली उजेडात दिसू नये, केवळ अंधारातच दिसावी. आपल्याकडचा लोहार भट्टी अंधाऱ्या कोपऱ्यात का मांडतो, याचे उत्तर यात आहे. त्याचा तापमापक म्हणजे त्याचा डोळा, आणि तो डोळा अंधारातच चालतो.

पुढे याच स्टोडार्टबरोबर एका तरुण रसायनशास्त्रज्ञाने काम केले. त्याचे नाव मायकेल फॅरडे. विजेचा फॅरडे तो हाच. त्याचे वडील लोहार होते, तेव्हा भट्टीची धग त्याला परकी नव्हती. १८२० आणि १८२२ साली या जोडीने पोलादाच्या मिश्रणांवर निबंध प्रसिद्ध केले. वुट्झचे रहस्य काही त्यांना उलगडले नाही. पण पोलादात दुसऱ्या धातूंचा अंश मिसळून त्याचे गुण बदलता येतात, या विचाराची वाट त्या शोधातूनच मोकळी झाली. रशियात उरल पर्वताच्या पायथ्याशी झ्लातोऊस्त येथे पावेल अनोसोव्ह याने वर्षानुवर्षे खटपट करून १८४१ साली अशा नक्षीदार पोलादावर ग्रंथ लिहिला. मुंबईहून गेलेल्या वडीने आणि तिच्या जातीच्या पोलादाने अशी अर्ध्या युरोपची झोप उडवली होती.

मूस, तरवड आणि रुई

ही वडी होत कशी असे? म्हैसूरकडे आणि आजच्या तेलंगणात हिंडून गेलेल्या इंग्रज प्रवाशांनी ती कृती लिहून ठेवली आहे. मातीची लहानशी मूस घ्यायची. तिच्यात लोखंडाचे तुकडे, तरवडाच्या लाकडाच्या ढलप्या आणि रुईची किंवा एखाद्या वेलीची हिरवी पाने भरायची. तोंड मातीने लिंपून टाकायचे. अशा अनेक मुशी भट्टीत रचून भात्यांनी तासन् तास फुंकायचे. आत लाकडाचा कोळसा होतो, कोळशातला कार्बन लोखंडात शिरतो, आणि जसजसा तो शिरेल तसतसे लोखंड कमी उष्णतेला वितळू लागते. शुद्ध लोखंड वितळवायला पंधराशे अंशांच्या वर उष्णता लागते; ती त्या साध्या भट्टीला सहज झेपणारी नव्हे. तरवडाच्या काटकीने ते अवघड काम सोपे केले. मुशी हळूहळू निवल्या की फोडायच्या. आत तळहातात मावेल अशी पोलादाची वडी. तिच्यात कार्बन शेकडा दीडच्या आसपास. तरवड आणि रुई! आपल्या माळावर ही दोन्ही झुडपे कोणी न लावता उगवतात आणि त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहात नाही.

निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनासमुद्रम् या गावी अशा वड्या विकत घेण्यासाठी इराणचे व्यापारी येऊन बसत. या वड्यांपासून पश्चिम आशियात ज्या तलवारी आणि खंजीर घडले, त्यांच्या पात्यावर वाहत्या पाण्यासारखी, ढगांच्या लाटांसारखी नक्षी दिसे. ती वरून कोरलेली नसे. पोलादाच्या अंगातूनच उमटलेली असे. युरोपने त्याला दमास्कसचे पोलाद असे नाव दिले. मालाला नाव धक्क्याचे पडते म्हणून मघाशी म्हटले ना, तसेच हे.

आणि मग हे सारे संपले. का संपले याची कारणे एकात एक गुंतलेली आहेत. शेफील्डला मुशीतले पोलाद होऊ लागले होते, १८५६ नंतर बेसेमरच्या पद्धतीने ते मणांनी नव्हे, टनांनी होऊ लागले आणि स्वस्त झाले. जंगलांवर बंधने आली, कोळसा महागला. तलवारींचे राज्य गेले. १८७८ च्या कायद्याने हिंदुस्थानात शस्त्र बाळगणेच परवान्याचे झाले. पण या साऱ्यांहून मोठे कारण असे की, कृती बापाने मुलाला सांगितली, मुलाने नातवाला. लिहिली कोणीच नाही. ज्या प्रवाशांनी लिहिली त्यांनी पाहिले तेवढे लिहिले. बोटांना ठाऊक असलेले त्यांच्या लेखणीत कोठून येणार? भट्ट्या विझल्या आणि एक विद्या नाहीशी झाली.

आठवण हरवलेला लोहार

असाच एक प्रसंग अमेरिकेतही घडल्याचे सांगतात. आर्कन्सा संस्थानात वॉशिंग्टन नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जेम्स ब्लॅक नावाचा लोहार होता. प्रसिद्ध लढवय्या जेम्स बोवी याचा मोठा चाकू त्याने घडवला, अशी आख्यायिका आहे. पात्याला पाणी देताना तो आडपडदा धरी आणि कोणालाही जवळ येऊ देत नसे. पुढे तो आंधळा झाला. एका डॉक्टराच्या घरी त्याला आसरा मिळाला. त्या घरातला मुलगा डॅनियल वेब्स्टर जोन्स पुढे त्या संस्थानाचा गव्हर्नर झाला, आणि त्याने ही गोष्ट लिहून ठेवली आहे. १८७० साली, वयाच्या सत्तराव्या वर्षी, ब्लॅकने त्या मुलाला कागद-लेखणी घेऊन बसवले. आपल्यावर या घराचे उपकार आहेत, त्यांच्या बदल्यात आपले रहस्य सांगतो म्हणाला. बराच वेळ तो आठवत राहिला. मग कपाळाला हात लावून रडू लागला. त्याला काही म्हणता काही आठवेना.

या गोष्टीतला चाकूचा भाग कितपत खरा हे इतिहासकार ठरवोत. त्यावर त्यांचा वाद आहे. पण म्हातारपणी कागद समोर घेऊन बसलेला आणि काही न आठवणारा तो आंधळा लोहार मनातून जात नाही. आपल्या देशातल्या किती विद्यांचे असेच झाले असेल! फरक इतकाच की, त्यांच्यासमोर कागद घेऊनही कोणी बसले नाही.

संत्र्यांचा बागाईतदार

आता छंदाच्या गोष्टीकडे येऊ. विसाव्या शतकाच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात अमेरिकेत चाकू म्हणजे कारखान्यात ठशाने कापलेली वस्तू झाली होती. हाताने घडवणारे बोटांवर मोजण्याइतके उरले होते. त्यांपैकी एक विल्यम स्केगेल, मिशिगनमधला. हा गृहस्थ एकलकोंडा, आपल्या कामात गढलेला. कातड्याच्या चकत्या एकीवर एक ओवून, त्यांना हरणाच्या शिंगाची जोड देऊन तो मुठी करी. १९६३ साली तो वारला.

१९३० नंतरच्या त्या वर्षांत फ्लॉरिडाचा वॉल्टर रँडाल नावाचा एक बागाईतदार मिशिगनमध्ये सुटी घालवायला गेला होता. वॉलून नावाच्या सरोवरावर एक माणूस आपल्या होडीचा जुना रंग चाकूने खरवडताना त्याने पाहिला. रंग निघत होता आणि चाकूच्या धारेला काही होत नव्हते. साधा चाकू असता तर घटकेत बोथटला असता. तो चाकू स्केगेलच्या हातचा होता. रँडालने तो विकत घेतला, आणि आपल्यालाही असा करता येईल का, म्हणून घरी जाऊन खटपटीला लागला. संत्र्यांचा धंदा चालूच होता. हे केवळ मौजेखातर. १९३७ च्या सुमारास सुरू झालेली ही मौज दुसऱ्या महायुद्धाने अंगणातून जगात नेली. रणांगणावर जाणारे सैनिक रँडालच्या चाकूची मागणी करू लागले. त्याने लहानसा कारखाना काढला, पण काम हातांनीच होत राहिले.

पुढे अवकाशयात्रींसाठीही त्याने चाकू केला. १९६१ साली गस ग्रिसम अवकाशातून परत आला तेव्हा त्याचे यान समुद्रात उतरल्यावर पाणी शिरून बुडाले; तो कसाबसा बचावला. अडतीस वर्षांनी, १९९९ साली ते यान अटलांटिकच्या तळातून वर काढले. त्यात त्याचा रँडाल-चाकू सापडला. सरोवरावर रंग खरवडणाऱ्या एका पात्यापासून निघालेला हा प्रवास! कुतूहल असले म्हणजे सुटीतला एक तासही वाया जात नाही.

मुदपाकातली भट्टी

१९५३ साली रॉबर्ट लव्हलेस नावाचा एक तरुण खलाशी न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानात रँडालचा चाकू घ्यायला गेला. दुकानदार म्हणाला, नऊ महिने थांबावे लागेल. खलाशाला कोठले नऊ महिने? तो भंगाराच्या बाजारात गेला, १९३७ सालच्या पॅकार्ड मोटारीची कमान मिळवली आणि जहाजाच्या मुदपाकखान्यातल्या तेलाच्या चुलीवर ती तापवून स्वतःचा चाकू घडवला. मोटारीची कमान म्हणजे लवचिक पण कणखर पोलाद. कोयते-विळे करणारे आपले लोहारही ट्रकच्या कमानपट्ट्यांवर जीव टाकतात, त्याचे कारण हेच. मजा अशी की, ज्या दुकानाने त्याला थांबायला सांगितले होते त्याच दुकानात पुढे त्याचे चाकू विकले जाऊ लागले.

लव्हलेसने पुढे एक निराळीच वाट धरली. पाते घणाने ठोकून लांबवण्याऐवजी पोलादाच्या पट्टीतून नको तेवढा भाग घासून काढायचा. मूर्तिकार दगडातून मूर्ती काढतो तसे. यामुळे ज्याच्याकडे भट्टी नाही, ऐरण नाही, त्या माणसालाही कानस आणि चिकाटी यांच्या जोरावर चाकू करता येऊ लागला. १९७० साली चाकू करणाऱ्यांचा संघ निघाला, त्याच्या संस्थापकांत तो होता. आणि १९७७ साली त्याने रिचर्ड बार्नी याच्यासह एक पुस्तक काढले. चाकू कसा करावा याचे. पोलाद कोणते घ्यावे, कसे घासावे, मूठ कशी बसवावी, म्यान कसे शिवावे, सगळे छायाचित्रांसह सांगून टाकले. आपल्या पोटावर पाय येईल अशी भीती त्याला वाटली नाही. २०१० साली तो वारला तेव्हा त्या पुस्तकावर शिकलेल्यांची एक पिढी जगभर काम करीत होती.

पाणी आणि म्यान

या छंदाचे प्रत्यक्ष काम कसे चालते ते थोडक्यात पाहू. पाते आकाराला आले म्हणजे ते तापवायचे. किती? लोहचुंबक त्याला चिकटेनासा होईपर्यंत, आणि त्याहून जरासे अधिक. त्या क्षणी पोलादाची आतली घडण बदललेली असते. मग ते चटकन तेलात बुडवायचे. पाते आता काचेसारखे कठीण होते, आणि काचेसारखेच ठिसूळ; हातून पडले तर दोन तुकडे. म्हणून ते पुन्हा सौम्य शेकायचे, सुमारे दोनशे अंशांवर. घासून लख्ख केलेल्या अंगावर वाळल्या गवतासारखी पिवळसर छटा आली की थांबायचे. कठीणपणा थोडा उतरतो आणि चिवटपणा येतो. मराठीत याला 'पाणी देणे' म्हणतात. माणसाला 'पाणीदार' म्हणताना आपण लोहाराच्याच भट्टीतला शब्द उसना घेतो. नुसते कठीण म्हणजे पाणीदार नव्हे, कठीण असून न मोडणारे ते पाणीदार.

म्यानाची कथा याहून नाजूक आहे. त्याला झाडाच्या सालीने कमावलेले कातडे लागते. क्रोमच्या क्षारांनी कमावलेले कातडे मऊ खरे, पण त्याच्या संगतीत पाते गंजते आणि ते आकारही धरीत नाही. सालीचे कातडे पाण्यात भिजवले की मातीसारखे वळते. पात्याला पातळ कागद गुंडाळून ते ओल्या कातड्यात ठेवायचे आणि बोटांनी दाबून दाबून त्याचा घाट उठवायचा. वाळल्यावर तो तसाच राहतो. कडेला दोन पदरांमध्ये कातड्याचीच एक अरुंद पट्टी घालतात. ती नसेल तर चाकू आत-बाहेर होताना आपल्याच म्यानाची शिवण कापून टाकील. मग आरीने भोके पाडून, मेण लावलेल्या दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवून शिवायचे. एक सुई या बाजूने, दुसरी त्या बाजूने, प्रत्येक भोकातून दोन्ही. यंत्राच्या शिवणीतला एक टाका तुटला की बाकीचे उसवत जातात. या शिवणीतला तुटला तरी शेजारचा टाका दम धरतो.

बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कातडे कमावण्याची विद्या आपल्या कोल्हापूरकडे पिढ्यान् पिढ्या आहे. कोल्हापुरी चप्पल तिच्यावरच उभी आहे, आणि २०१९ साली त्या चपलेला भौगोलिक मानांकनही मिळाले. सातासमुद्रापलीकडचे हौशी लोक ज्या कातड्याची इतकी वाखाणणी करतात त्या जातीचे कातडे आपल्या पायांखाली आहे.

रहस्य वाटून टाकणारा

मेरीलँडमधला विल्यम मोरान हा लहानपणापासून शेतावर चाकू घडवीत असे. पुढे शेती सोडून त्याने भट्टीच धरली. लव्हलेसच्या वाटेने लोक कानशीकडे वळत असताना हा ऐरणीला चिकटून राहिला. त्याला ध्यास लागला नक्षीदार पोलादाचा. कठीण आणि मऊ अशा दोन जातींच्या पट्ट्या एकीवर एक ठेवून, तापवून, ठोकून एकजीव करायच्या. मग ती पट्टी दुमडायची आणि पुन्हा ठोकायची. सात पदर असतील तर पहिल्या दुमडीला चौदा, मग अठ्ठावीस, छप्पन्न, एकशे बारा. सहाव्या दुमडीला चारशे अठ्ठेचाळीस! शेवटी पाते आम्लात बुडवले की दोन पोलादे निरनिराळी काळवंडतात आणि लाटा उमटतात. १९७३ साली एका प्रदर्शनात मोरानने असे चाकू मांडले. पाहणारे थक्क झाले. आणि त्याहून थक्क करणारी गोष्ट म्हणजे, ते कसे केले याची माहिती छापून ती पत्रके त्याने तेथेच फुकट वाटली. १९७६ साली घडाई करणाऱ्यांची संस्था त्याच्या पुढाकाराने निघाली, आणि १९८८ साली तिची शाळा उघडली. कोठे, तर आर्कन्सातल्या वॉशिंग्टन गावी. जेथे जेम्स ब्लॅक आपले रहस्य घेऊन आंधळा झाला होता, त्याच गावी.

मोरानचे पोलाद मात्र आपले वुट्झ नव्हे, हे ध्यानात घ्यायला हवे. ते पदरांचे होते; आपले मुशीतले. दोन्हींना दमास्कस हेच नाव पडल्याने घोटाळा होतो. मुशीतल्या पोलादाचे कोडे सुटण्यास आणखी काही वर्षे गेली. फ्लॉरिडातला आल्फ्रेड पेंड्रे हा घोड्यांना नाल मारणारा आणि चाकू करणारा. आयोवाच्या विद्यापीठातले जॉन व्हेरहोवेन हे धातुशास्त्राचे प्राध्यापक. या दोघांनी वर्षानुवर्षे मिळून काम केले. एक ठोकी, दुसरा सूक्ष्मदर्शकाखाली पाही. १९९८ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. लोखंडाच्या खनिजात व्हॅनेडियमसारख्या धातूचा लेश असेल, शेकडा एकाच्या शंभराव्या भागाहूनही कमी, आणि पाते मंद आचेवर पुन्हा पुन्हा तापवून ठोकले, तर कार्बनचे कठीण कण ओळीने बसतात आणि ती नक्षी उमटते. खनिजाची खाण बदलली की कृती तीच करूनही नक्षी येईना, असे झाले असणार. म्हणजे आपला कारागीर चुकत नव्हता. त्याच्या पायाखालची माती बदलली होती आणि त्याला ते कळण्याचा मार्ग नव्हता. प्राध्यापक आणि नालबंद एका भट्टीशी बसले तेव्हा ते कळले.

आपल्या ओसरीवर

प्राध्यापक आणि नालबंद! माझ्या मते या सगळ्या इतिहासाचे मर्म या जोडीत आहे. आपल्याकडे हे दोघे शेकडो वर्षे एका पंगतीला बसले नाहीत. ज्याला अक्षर येत होते त्याने ऐरणीला हात लावला नाही, आणि ज्याचा हात ऐरणीवर होता त्याला अक्षर मिळू दिले नाही. कातड्याचे तर नावच नको. ज्याने ते कमावले, शिवले, त्याच्या सावलीचाही विटाळ मानला, आणि त्याने शिवलेल्या वहाणा घालून देवळाच्या पायरीपर्यंत गेलो. अशा स्थितीत त्याच्या मुलाला शाळेचे दार उघडल्यावर त्याने आरी खाली ठेवली, यात त्याचे काय चुकले? त्या आरीने त्याला अन्नापेक्षा अपमानच जास्त दिला होता. त्याने ती पुन्हा उचलावी असे सांगण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणाला नाही.

पण ती इतरांनी उचलू नये असे कोठे आहे? अमेरिकेतल्या त्या बागाईतदाराला कातड्याचा वास लागला म्हणून त्याला कोणी पंगतीतून उठवले नाही. उलट त्याच्या हातच्या कामाचा मान वाढला. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी शिक्षणपरिषद भरवून हाताच्या उद्योगातून शिक्षण द्यावे असे मांडले. योगायोग असा की, रँडाल फ्लॉरिडात आपल्या भट्टीशी खटपट करू लागला तो हाच काळ. तिकडे एका माणसाच्या हौसेतून हजारो हात कामाला लागले. इकडे एका महात्म्याच्या योजनेतून वेळापत्रकात हस्तव्यवसायाचा एक तास उरला, आणि शाळेत शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते की परीक्षा जवळ आली म्हणजे गणिताला उसना दिला जातो तो हाच तास. दोष योजनेचा नव्हता. हाताचे काम हे दुसऱ्याच्या मुलाने करावयाचे असते, ही आपली जुनी समजूत तिच्या आड आली.

वाचकहो, दिवाळीच्या सुटीत पुष्कळजण गावी गेला असाल. गावात अजून एखादा भाता चालत असेल, एखादा म्हातारा आरी घेऊन बसत असेल. पाडव्याच्या दिवशी फराळाचे ताट घेऊन मुलांसह त्याच्याकडे जावे. त्याच्याशेजारी बसून चहा घ्यावा. पात्याला पाणी देताना तो कोणता रंग पाहतो, तेल वापरतो की पाणी, कातडे किती दिवस सालीत ठेवतात, दोऱ्याला मेण का लावतात, हे त्याला विचारावे आणि मुलांच्या वहीत त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. वहीवर त्याचे नाव घालावे, आणि त्याची एक प्रत त्याच्या नातवाला द्यावी. तो हसेल, म्हणेल, यात काय लिहायचे? पण विचारीत राहावे. त्याला अजून सगळे आठवते आहे.